पडद्यावरचे डॉक्टर आणि वजनाचे इंजेक्शन

बडोद्यात संक्रांतीइतकाच तिचा दुसरा दिवसही मोठा. गुजराती शेजारी त्याला वासी उत्तरायण म्हणतात, आणि इथे चार पिढ्या काढल्यावर आम्हीही तसेच म्हणू लागलो आहोत. २०२६ च्या जानेवारीत त्या दिवशी सारे घर गच्चीवर पतंगांत रमले असता आमच्या थोरल्या वहिनी मात्र खाली एकट्याच बसून होत्या. दोन जिने चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. उंधियूची वाटी घेऊन आम्ही खाली गेलो, तेव्हा त्यांनी आपला मोबाईल आमच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही मासिकांतून लिहिता-बिहिता. जरा हे बघून सांगा. पोरगी म्हणते, आई, यातले कोणतेही एक निवड आणि घे मागवून. पण निवडायचे ते कशावरून?"

पोरगी म्हणजे आमची पुतणी, न्यू जर्सीला असते. तिने तिकडे वजन उतरविण्याचे इंजेक्शन घरबसल्या मागवून वर्षभरात चौदा किलो वजन कमी केले होते. आईचे गुडघे तिला सात समुद्रांपलीकडूनही दिसत होते. वहिनींचे वय अठ्ठावन्न, उंची पाच फूट एक इंच, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. नऊ वर्षांचा मधुमेह. प्रश्न हौसेचा नव्हता, जिना चढण्याचा होता.

त्या एका प्रश्नाच्या उत्तरात आमचे तीन आठवडे गेले. आम्ही वैद्यकीतले जाणकार नव्हे. जमाखर्च लिहून ठेवण्याची सवय असलेली साधी माणसे आहोत. परंतु आज अनेक मराठी घरांतून हाच प्रश्न विचारला जात असेल, असे वाटल्यावरून ही टिपणे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

औषध आहे तरी काय?

जेवणानंतर आपल्या आतड्यातून एक संप्रेरक स्रवते. पोट भरल्याची जाणीव मेंदूला पोचविणे, पोटातले अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करणे आणि इन्सुलिनला चालना देणे ही त्याची कामे. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसे होते. १९९२ मध्ये जॉन एंग या अमेरिकन संशोधकाला हीला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात त्याच्याशी साम्य असलेला, परंतु अधिक काळ टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून तयार झालेले मधुमेहाचे औषध २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. आजची औषधे याच वाटेने आलेली आहेत.

यांपैकी दोन नावे वाचकांनी ऐकली असतील. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीचे सेमाग्लुटाईड मधुमेहासाठी 'ओझेम्पिक' आणि वजनासाठी 'वेगोव्ही' या नावांनी विकले जाते. अमेरिकेच्या इलाय लिली कंपनीचे टिर्झेपटाईड भारतात 'मौंजारो' नावाने मिळते. दोन्ही इंजेक्शने आठवड्यातून एकदा, कातडीखाली घ्यावयाची.

गुण किती येतो? सेमाग्लुटाईडची १,९६१ जणांवर ६८ आठवडे चाललेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के, तर नुसते पाण्यासारखे इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के उतरले. टिर्झेपटाईडची २,५३९ जणांवरील चाचणी २०२२ मध्ये आली. तीत ७२ आठवड्यांत, मात्रेनुसार, १५ ते सुमारे २१ टक्के घट दिसली. आहारनियमनाचे उपदेश आयुष्यभर ऐकून कंटाळलेल्या माणसाला हे आकडे चमत्कारासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. सेमाग्लुटाईड थांबविल्यानंतर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले, असे त्याच चाचणीच्या पुढच्या भागात आढळले. म्हणजे हे औषध तापाच्या गोळीसारखे चार दिवसांचे नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे आहे. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे. स्वादुपिंडाची सूज आणि पित्ताशयाचे विकार क्वचित होणारे, परंतु गंभीर. चरबीबरोबर काही स्नायूही झिजतात. घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग असेल तर हे औषध घेऊ नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे.

अमेरिकेत काय घडले?

पुतणीची निवड ज्या बाजारातून झाली, तो आधी समजून घेणे आम्हांला आवश्यक वाटले. २०२१ मध्ये वेगोव्ही अमेरिकेत आले आणि मागणी इतकी वाढली की पुढल्याच वर्षी त्याचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर करावा लागला. तुटवडा असेपर्यंत तिथल्या कायद्याने काही औषधशाळांना तेच औषध स्वतः तयार करून देण्याची मुभा होती. ते स्वस्त पडे. संगणकावरून रुग्ण तपासणाऱ्या अनेक कंपन्यांनी ही सोय उचलली. एक प्रश्नावली भरावी, कोणा डॉक्टरने ती पाहावी, आणि कुपी घरी यावी!

या कुप्यांतून मात्रा सुईने स्वतः मोजून घ्यावी लागे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला, की काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले आणि काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. एकके आणि मिलिलिटर यांचा घोटाळा, आणि समजावून सांगायला समोर कोणी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमाग्लुटाईडचा तुटवडा संपल्याचे जाहीर झाले आणि ती सर्वसाधारण मुभाही संपुष्टात आली.

आणखी एक उदाहरण बोलके आहे. वेट वॉचर्स ही १९६३ मध्ये स्थापन झालेली कंपनी साठ वर्षे लोकांना संयमाने खाण्याचे धडे देत होती. २०२३ मध्ये तिने दूरवैद्यकाची एक कंपनी सुमारे १० कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली आणि औषधाच्या वाटेला लागली. मे २०२५ मध्ये कर्जाच्या ओझ्याने तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. तिला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. उपचार दीर्घकाळचा, आणि तो देणारी संस्था मात्र मालक, धोरण वा धंदा केव्हा बदलील याचा नेम नाही, एवढेच यावरून ध्यानी घ्यावे. आपले कागद आपल्या घरी असावेत.

ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथील औषधविक्रेत्यांच्या नियामक मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरविले, की वजनाचे औषध केवळ प्रश्नावलीच्या भरवशावर देता येणार नाही. सांगितलेले वजन व उंची प्रत्यक्ष पाहून, पडद्यावर भेटून अथवा नेहमीच्या डॉक्टरांच्या नोंदीवरून पडताळलीच पाहिजे. हा एकच नियम आम्हांला फार मोलाचा वाटला, आणि आमच्या तुलनेची सुरुवात त्यावरूनच झाली.

आपल्याकडचा नियम

मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये, वेगोव्ही जून २०२५ मध्ये आणि ओझेम्पिक डिसेंबर २०२५ मध्ये आले. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. वजनासाठी ती साधारणपणे बीएमआय ३० वा अधिक असलेल्यांना, किंवा २७ वा अधिक असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जोडीला असलेल्यांना द्यावयाची आहेत. वहिनींचा बीएमआय ३२.५ निघाला. म्हणजे पात्रतेचा प्रश्न नव्हता.

तरी केवळ बीएमआयवर विसंबू नये, हे पुण्याच्या एका डॉक्टरांनी जगाला मोठ्या गमतीने दाखविले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस सडपातळ दिसूनही आत चरबी बाळगून असतो. म्हणून नुसती उंची आणि वजन विचारून मोकळा होणारा कोणीही आपली पुरी परीक्षा करीत नाही.

दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी, महासाथीच्या टाळेबंदीच्या दिवशीच, प्रसिद्ध झाली. त्यांतील चार गोष्टी प्रत्येक घराने पाठ कराव्यात. डॉक्टर नोंदणीकृत असला पाहिजे, आणि त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. रुग्ण व डॉक्टर दोघांनाही एकमेकांची ओळख असली पाहिजे. यंत्रबुद्धीला रुग्णास सल्ला देण्याचा अथवा औषध लिहिण्याचा अधिकार नाही. आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटल्यास डॉक्टरने तसे सांगितलेच पाहिजे. रुग्ण प्रत्यक्ष येऊ इच्छीत असता दुरूनच तपासण्याचा आग्रह धरणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानला आहे. शिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा ज्या विकारांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी करतो, त्यांत स्थूलत्वही आहे. तेव्हा 'अमुक दिवसांत अमुक किलो' अशी हमी कोणी देऊ लागला, की पुढे वाचण्याचे कारण उरत नाही.

आम्ही ठोठावलेली तीन दारे

नावे देण्याचे प्रयोजन नाही. एकाच प्रकारच्या संस्थांतही चांगले-वाईट असतेच; आम्ही पाहिले ते आमच्यापुरते.

पहिले दार, महिन्याची वर्गणी घेऊन वजन उतरविण्याचा सबंध कार्यक्रम चालविणाऱ्यांचे. त्यांच्या प्रश्नावलीत उंची, वजन, वय, मधुमेह हे सारे होते. पित्ताशयाचा उल्लेख नव्हता. वहिनींना सहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले होते. दुखत नाहीत म्हणून त्या विसरूनही गेल्या होत्या. डॉक्टर कोण, हे पैसे भरल्यावर कळले. त्यांनी पडद्यावर चार मिनिटे बोलून मधुमेहाची चौकशी केली, परंतु कोणती गोळी घेता हे विचारले नाही. उलटपक्षी, त्यांच्या आहारसल्लागार बाईंचे काम खरोखर उत्तम होते. घरात सकाळी शेव-उसळ होते की पोहे, वरणात डाळ किती, ताक रोज असते का, असे त्यांनी आस्थेने विचारले आणि दर आठवड्याला आठवणीने फोन केला.

दुसरे दार, घरपोच औषधे विकणाऱ्यांचे. तेथे वीस मिनिटांत डॉक्टर मिळाल्या. बोलणे सारे टंकलिखित. आम्ही मनात नाक मुरडले, परंतु आमचा अंदाज चुकला. त्या डॉक्टरीणबाईंचा नोंदणी क्रमांक प्रारंभीच दिसत होता. त्यांनी मधुमेहाच्या गोळीचे नाव विचारले, आणि ते ऐकताच स्पष्ट लिहिले, की रक्ताचे अहवाल पाहिल्यावाचून आणि प्रत्यक्ष तपासणीवाचून मी हे इंजेक्शन लिहिणार नाही. फी गेली, चिठ्ठी मिळाली नाही. आमच्या मते तीन आठवड्यांत खर्चिलेल्या पैशांत ते पैसे सर्वांत सार्थकी लागले.

तिसरे दार, गावातल्याच एका रुग्णालयाचे. पहिली भेट समक्ष, पुढच्या भेटी पडद्यावरून. वेळ मिळायला नऊ दिवस लागले, फी तिन्हींत अधिक आणि बाकावर दीड तास बसावे लागले. परंतु तेथील डॉक्टरांनी वहिनींना स्वतः वजनकाट्यावर उभे केले, पोट चाचपले, घराण्यातले आजार विचारले, रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि डोळ्यांचा पडदा पाहून घ्यायला सांगितले. मधुमेह जुना असेल आणि साखर झपाट्याने खाली आली, तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावू शकतो, हे आम्हांला तेथेच प्रथम कळले. वहिनींची ग्लिमेपिराईडची गोळी पाहून ते म्हणाले, "ही पूर्ण मात्रेत चालू ठेवून इंजेक्शन सुरू केले असते, तर आजी, एखाद्या रात्री साखर एकदम उतरून तुम्हांला घाम फुटला असता." आजी म्हटल्याचा वहिनींना राग आला; पण मुद्दा त्यांनी मनात टिपून ठेवला.

खर्च आणि शीतपेटी

भारतात आले तेव्हा मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. महिन्याच्या चार कुप्या धरल्या तर १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोव्ही आले तेव्हा सुरुवातीच्या मात्रांना महिन्याला १७,३४५ रुपये पडत. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने किंमत ३७ टक्क्यांपर्यंत उतरविली. सेमाग्लुटाईडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली. म्हणून जुन्या भावावर दीर्घ मुदतीची वर्गणी आगाऊ भरून ठेवणे शहाणपणाचे नव्हे. वर्गणीत औषध धरले आहे की नाही, आणि मधेच सोडल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारावे.

ही औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची. मौंजारो शीतपेटीबाहेर ३० अंशांखाली २१ दिवस चालते. गोठले तर मात्र कामातून गेले. आमच्या बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी दोन वाजता दुचाकीवरून येणारा डबा बर्फाच्या पिशवीसह आला आहे का, हे पाहिल्यावाचून तो घेऊ नये. पावतीवर औषधाचा बॅच क्रमांक असावा. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिका येथे बनावट ओझेम्पिक सापडल्याचा इशारा दिला होता. तिथे हे घडते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

आमचा निष्कर्ष

तुलना करावयाची ती कंपन्यांच्या नावांची नव्हे, जबाबदारीची. आम्ही पुढील सहा प्रश्न वहिनींच्या औषधांच्या डब्यावर चिकटवून ठेवले आहेत.

१. पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक कळतो का?
२. वजन कोणी पडताळले, की आपण सांगितले तेच धरले?
३. चालू औषधे, पित्ताशय, स्वादुपिंड, थायरॉइड आणि डोळे यांची चौकशी झाली का?
४. रात्री दोन वाजता पोटात कळ आली, तर कोणाला बोलवायचे?
५. मात्रा वाढविण्यापूर्वी दर खेपेस डॉक्टर बोलतात, की औषध आपोआप येत राहते?
६. औषध थांबवायचे ठरले, तर ते कसे थांबवायचे याची काही योजना आहे का?

चौथ्या प्रश्नाला दूरच्या कोणत्याही संस्थेपाशी उत्तर नसते. म्हणून पडद्यावरचा डॉक्टर कितीही हुशार असो, गावातला एक डॉक्टर या उपचाराची माहिती असलेला हवाच. घरात तरुण सून वा मुलगी हे औषध घेत असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी. गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी सेमाग्लुटाईड थांबवावे लागते, आणि टिर्झेपटाईडमुळे तोंडाने घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. संकोचामुळे ही गोष्ट विचारायची राहून जाते.

आता वहिनींविषयी. शल्यचिकित्सकांनी खडे पाहून, तूर्त शस्त्रक्रियेची गरज नाही, पण उजव्या बरगडीखाली दुखले तर तत्क्षणी यावे, असे बजावले. डोळ्यांचा अहवाल ठीक आला. गोळी निम्मी झाली आणि मगच फेब्रुवारीअखेर २.५ मिलिग्रॅमपासून प्रारंभ झाला. पहिले पंधरा दिवस मळमळीत गेले. पाडव्याला पुरणपोळीचा चतकोरही त्यांना जड झाला, आणि ज्या घरात त्यांच्या हातची पोळी सर्वांनी खाल्ली, तेथे त्या ताक घेऊन बसल्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचे, म्हणजे आमच्या घरच्यांचे, डोळे त्या वेळी ओलावले. पहिल्या दारच्या आहारसल्लागार बाईंची वर्गणी मात्र आम्ही चालू ठेवली आहे. स्नायू झिजू नयेत म्हणून मूग, मटकी, दूध आणि पाण्याच्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम त्यांच्याच सांगण्यावरून चालू आहे.

तीन महिन्यांत वजन साडेत्र्याहत्तरवर आले. पुतणीला हा वेग कमी वाटतो. "काका, मी तर याच्या दुप्पट वेगाने उतरले होते," असे ती फोनवर म्हणाली. आम्ही तिला इतकेच विचारले, "तुझ्या डॉक्टरांचे नाव काय ग?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बघून सांगते." दुसऱ्या दिवशी तिने नाव शोधून कळविले, आणि आपल्या गावातल्या डॉक्टरांची वेळही घेतली.

खर्चाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हे औषध किती वर्षे परवडेल, हे आम्ही दरमहा वहीत मांडून पाहतो. वहिनी मात्र गेल्या रविवारी एक जिना चढून मधल्या मजल्यापर्यंत आल्या. तेथे खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, दुसऱ्या जिन्याचे उत्तरायणापर्यंत बघू."